आणि उशी दाबून बघतो

नोकरीची तीसेक वर्षं मी लाठीपेक्षा पेनच जास्त चालवला. हिंगोली जिल्ह्यातल्या चार ठाण्यांत माझ्याकडं लिहिण्याचं काम होतं. हवालदाराला आमच्याकडचे जुने लोक अजूनही जमादार म्हणतात, तसा मी जमादार. नवे साहेब हजर झाले की पहिल्याच आठवड्यात विचारायचे, “इथं लिहायला बरा कोण आहे?” आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडं वळायची. बाकीचे नर्सीच्या यात्रेत बंदोबस्ताला उन्हात उभे राहायचे आणि मी पंख्याखाली बसून लोकांची भांडणं कागदावर उतरवायचो. त्यावरून मला पुष्कळ टोमणे ऐकावे लागले, पण मी मनाला लावून घेतलं नाही. अक्षर चांगलं असणं हाही एक गुणच आहे, आणि तो टोमणे मारणाऱ्यांपैकी एकातही नव्हता.

दिवाळी अंकासाठी एखादा थरारक गुन्हा लिहून द्या, असा संपादकांचा निरोप आला. थरारक म्हणावं असं माझ्या टेबलापर्यंत फारसं आलं नाही. जे आलं आणि अजून मनातून गेलं नाही, ते एका हरवलेल्या म्हाताऱ्याच्या खबरीचं प्रकरण आहे. त्यात चोर नाही, दरोडेखोर नाही. चूक मात्र आहे आणि ती माझी आहे.

आधी हे काम काय असतं ते सांगतो. ठाण्यात माणूस येतो तेव्हा तो भरून आलेला असतो. त्याला सगळं सांगायचं असतं आणि आम्हाला त्यातलं कामाचं तेवढं हवं असतं. त्यानं सांगायचं, आपण लिहायचं, लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचं आणि खाली एक ठरलेली ओळ टाकायची: ‘वरील मजकूर मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ त्याखाली सही, नाहीतर अंगठा. अंगठा उमटला की मजकूर बंद. मग त्यात एक अक्षरही वाढवता येत नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या भागातला माणूस ‘अन्’शिवाय बोलत नाही. डोंगरकडा गावच्या एका केळीवाल्याची फिर्याद मला जशीच्या तशी पाठ आहे. “त्यो आला अन् म्हनला पानी माझं अन् मी म्हनलो आज पाळी माझी अन् त्यानं पाइप वढला अन् आमची बायको मधी आली अन् म्या फावडं उचललं अन् त्याचं डोकं फुटलं अन् आता तुमीच बगा.”

मी म्हणालो, “थांबा. फावडं उचललं आणि डोकं फुटलं, याच्या मधे काय झालं?”

तो माझ्याकडं बघतच राहिला. “मधी काय व्हनार, साहेब? मधी काईच न्हाई.”

त्याच्या दृष्टीनं फावडं मारलंच गेलं नव्हतं. एका ‘अन्’च्या अलीकडं फावडं होतं आणि पलीकडं फुटलेलं डोकं होतं. कोर्टाला हे चालत नाही. आधी कोण, नंतर कोण, कुणी कुणाला काय केलं, हे एकेक करून सुटं सांगावं लागतं. म्हणून मी ‘अन्’चा वैरीच झालो. एका वाक्यात एक गोष्ट आणि टिंब, असं लिहायचो. कुणी ‘अन्’ म्हणून श्वास घेतला की मी हात वर करायचो. तासाभराचं बोलणं मी दीड पानात बसवायचो, आणि एका साहेबांनी तर माझं नाव ‘तारमास्तर’ ठेवलं होतं. तार करताना शब्द मोजून वापरतात तसं मी लिहितो, म्हणून. ते नाव मी मोठ्या दिमाखात मिरवलं.

एकदा मात्र भर कोर्टात माझी फजिती झाली. सेनगावकडचा एक फिर्यादी साक्षीला उभा होता. समोरच्या वकिलांनी त्याच्या फिर्यादीतलं एक वाक्य मोठ्यानं वाचलं: “‘सदर इसमाने विनाकारण वाद उपस्थित करून मला लोटून दिले.’ हे तुम्हीच सांगितलं का?”

“न्हाई जी,” फिर्यादी म्हणाला. “मी असं काहून बोलीन? मी काय तलाठी हाय का?”

सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनीही मान खाली घालून कागद चाळले. दुपारी हॉटेलात मी त्या माणसाला धरला आणि चांगला झापला. तो शांतपणे चहा पीत राहिला. मग म्हणाला, “जमादार, तुमी लिवलं ते खोटं न्हाई. पर त्याच्यात मी न्हाई.”

अडाणी माणूस काहीतरी बोलून गेला, असं समजून मी ते सोडून दिलं. ते तेव्हाच मनावर घेतलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

माझ्या शेवटच्या ठाण्यात एका बाजाराच्या दिवशी दुपारी खैरूनबी आल्या. पासष्टीच्या आसपासच्या, बारीक, डोक्यावर पदर आणि हातात पिशवी. नवरा तीन दिवसांपासून घरी आला नव्हता. हरभरा घाट्यावर आलेला होता, एवढं मला आठवतं, कारण त्यांच्या पिशवीतून हिरवे डहाळे बाहेर डोकावत होते.

हरवलेल्या माणसाच्या खबरीला खात्यात नुसतं ‘मिसिंग’ म्हणतात. तिचा ठरलेला नमुना असतो. नाव, वय, उंची, बांधा, रंग, केस, अंगावरचे कपडे, भाषा, व्यवसाय. रकाने भरले की वर्णन झालं.

“नवऱ्याचं नाव सांगा.”

खैरूनबींनी पदर पुढं ओढला. मग हळूच म्हणाल्या, “रजियाचे अब्बा.” रजिया ही त्यांची एकुलती लेक, परभणीकडं दिलेली. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही हा रिवाज त्यांनी ठाण्यातही सोडला नाही. पिशवीतून रेशनकार्ड काढून त्यांनी नावावर बोट ठेवलं. उस्मान. फोटोही त्याच कार्डावरचा, पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा. त्यात दाढी काळी होती.

“आधारकार्ड?”

“मशीन त्येंचा अंगठा घेत न्हाई, जमादारसाब. रेशनच्या दुकानातबी असंच. पुरी जिंदगी कापूस पिंजून पिंजून बोटाच्या रेघाच गेल्या.”

उस्मानभाई पिंजारी होते. नव्या लोकांना पिंजारी म्हणजे काय ते सांगावं लागेल. खांद्यावर भलंमोठं धनुष्यासारखं पिंजण घेऊन हा माणूस गावोगाव फिरायचा. गादीतला दडपलेला कापूस उसवून काढायचा आणि पिंजणाच्या तातीवर, म्हणजे ताणलेल्या दोरीवर, झोडून त्याचा पुन्हा फुगा करायचा. ती तात टुंग टुंग वाजायची आणि गल्लीतली लेकरं गोळा व्हायची. मग फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजण घरात खुंटीला लागलं.

“आता काय करतात?”

“आता काय करतेत? आता इसरतेत,” खैरूनबी म्हणाल्या. “घर इसरतेत, रजियाचं नाव इसरतेत. पर कापूस न्हाई इसरले. कुणाच्या घरी गेले अन् उशी दिसली की दाबून बघतेत अन् गाठ लागली की शिवन उसवून बसतेत अन् बोटानं कापूस मोकळा करतेत अन् सोता डोक्याखाली उशी घेत न्हाईत, पोटाशी धरून झोपतेत अन् चालताना जिभेनं टुंग टुंग करतेत अन् बशीतला चाय पिताना शेवटचा घोट ठिवतेत मांजरीला अन्...”

“चाची, उंची सांगा,” मी म्हणालो.

त्यांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवून उंची दाखवली. मी लिहिलं: उंची पाच फूट चार इंच, बांधा सडपातळ, रंग सावळा, केस व दाढी पांढरी, अंगात पांढरा सदरा व लेंगा, भाषा हिंदी व मराठी. व्यवसायाच्या रकान्याशी मी क्षणभर थांबलो. पिंजारी लिहावं तर त्यांचं काम सुटून कितीतरी वर्षं झाली होती. निराधार लिहावं तर घर होतं. मी ‘मजुरी’ लिहिलं. हा शब्द कुठंही बसतो.

वाचून दाखवलं. त्या ऐकून घेत होत्या आणि मधे मधे “अन्” म्हणत होत्या, आणि मी मान हलवत पुढं वाचत होतो. शेवटी मी त्यांचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला. अंगठा उमटला तेव्हाही त्यांच्या तोंडात ‘अन्’ होतं. ते मी बघितलं होतं. बाहेर चार माणसं ताटकळत उभी होती, त्यांची मला घाई होती.

तपास झाला. नाही असं नाही. एसटी स्टँडवर विचारलं, दवाखाने बघितले, आसपासच्या जिल्ह्यांना वर्णन कळवलं. पण पाच फूट चार इंच, सडपातळ, सावळा, पांढरी दाढी म्हटलं तर आमच्या बाजारात एका दिवशी असे पन्नास जण सापडतील.

त्यानंतर खैरूनबी दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात यायच्या. “काही कळलं का?” असं विचारायच्या. मी “नाही” म्हणायचो. मग त्या समोरच्या बाकावर बसायच्या आणि म्हणायच्या, “अन् एक सांगायचं राहिलं.” एकदा राहिलेलं असायचं ते गमछ्याच्या टोकाला मारलेल्या गाठीचं. विसरू नये म्हणून उस्मानभाई रोज एक गाठ मारायचे आणि संध्याकाळी ती कशासाठी मारली तेच विसरायचे. एकदा, ते कुठल्याही बाईला ‘आपा’ म्हणतात, बायकोलासुद्धा आता आपा म्हणू लागलेत, हे सांगायचं राहिलं होतं. ते सांगताना त्या हसल्या आणि मग पदरानं तोंड झाकलं. एकदा, बोलण्याआधी ते दोनदा खाकरतात, हे राहिलं होतं. “लिवून घ्या, जमादारसाब.”

मी म्हणायचो, “घेतो.”

आणि मी लिहून घेत नव्हतो. अंगठा उमटलेल्या खबरीत काही वाढवता येत नाही, हे त्यांना कोण समजावणार? पुरवणी जबाब घेता आला असता. पण मांजरीला ठेवलेल्या चहाच्या घोटाचा पुरवणी जबाब घेतला असता तर साहेबांनी मला वेड्यात काढलं असतं. म्हणून मी एक रद्दी कागद पुढं ओढायचो आणि त्याच्यावर पेन फिरवायचो. पेनाचं टोक कागदाच्या थोडं वर धरलेलं. आपण किती समजूतदारपणे वागतो, असंही मला त्या वेळी वाटायचं.

उन्हाळा गेला. सोयाबीन पेरलं गेलं, फुलाला आलं, काढलं गेलं. खैरूनबी येत राहिल्या. ठाण्यातले बाकीचे लोक त्या आल्या की चहाला निघून जायचे. मला मात्र सवय झाली होती. एखाद्या बाजारी त्या उशिरा आल्या तर माझं लक्ष सारखं दाराकडं जायचं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

दिवाळी होऊन दोन-तीन बाजार झाले असतील. त्या आल्या, बाकावर बसल्या आणि त्या दिवशी ‘अन्’ म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, “आतापर्यंत लिवलेलं वाचून दाखवा.”

टेबलावर रोजची वही होती. मी ती उघडली. पान कोरं होतं. समोर ती बाई माझ्या तोंडाकडं बघत बसलेली. खरं सांगायची हिंमत झाली नाही म्हणून मी कोऱ्या पानाकडं बघून वाचायला लागलो.

“उशी दिसली की दाबून बघतात,” मी म्हणालो, “आणि गाठ लागली की शिवण उसवतात आणि बोटांनी कापूस मोकळा करतात आणि स्वतः उशी पोटाशी धरून झोपतात...”

आणि काय सांगू, मला सगळं येत होतं. एकही गोष्ट सुटली नाही. गमछ्याची गाठ आली, आपा आलं, खाकरणं आलं. चालताना टुंग टुंग करतात पण मशिदीपाशी आले की थांबवतात, तेही आलं. इतक्या महिन्यांत पेन कागदाला लागला नव्हता, तरी सगळं माझ्यात उतरलेलं होतं. माझ्या तोंडून टिंब निघत नव्हतं, एका गोष्टीला दुसरी लागून येत होती. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. माझं संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बराबर हाय,” आणि पिशवी उचलून निघून गेल्या.

त्या दिवशी मी जेवायला घरी गेलो नाही. एक फुलस्केप कागद घेतला आणि मघाशी कोऱ्या पानावरून वाचलं तेच जसंच्या तसं लिहून काढलं. दोन्ही बाजू भरल्या. सगळं मिळून एकच वाक्य झालं. माझ्या नोकरीतलं एवढं लांब वाक्य तेच. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पिंजारी’. खाली माझा नंबर टाकला, कागदाचा फोटो काढला आणि मला माहीत होते त्या सगळ्या ग्रुपांवर सोडला. पोलिसांचे ग्रुप, एसटीवाल्यांचे, एका भाच्याच्या ग्रुपवर तर रक्तदानवाले आणि आश्रमवालेही होते. ठाण्याच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी लिहिलं, ‘तारमास्तर, हे वर्णन आहे का कादंबरी?’ खाली दहा जणांचे हसरे चेहरे. मी फोन पालथा घालून ठेवला.

बारा दिवसांनी एका बाईंचा फोन आला. लातूरच्या पुढं एका गावाबाहेर त्या बेवारस वृद्धांसाठी लहानसा आश्रम चालवतात. सुमनताई म्हणतात त्यांना सगळे.

“काका, तुमचा तो कागद मला आज कुणीतरी पाठवला. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि खालीच बसले. हे उशीवाले बाबा आमच्याकडं होते.”

“होते म्हणजे?”

“पोळ्यानंतर गेले हो. झोपेतच गेले.”

मी मनात महिने मोजले. खैरूनबी माझ्यासमोर बसून सांगत होत्या आणि मी कागदाच्या वर पेन फिरवत होतो, तेव्हा उस्मानभाई जिवंत होते. आठ महिने होते.

सुमनताईंनी त्यांच्या ठाण्यात नोंद केली होती. तिथला नमुना आणि आमचा नमुना एकच. अंदाजे वय सत्तर, बांधा सडपातळ, रंग सावळा. फक्त नावाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘पिंजारी’. कारण नाव विचारलं की म्हातारा तेवढंच सांगायचा. आमच्या कागदावर उस्मान होता, पण पिंजारी कुठंच नव्हता. तिथं मी ‘मजुरी’ लिहिलं होतं. दोन ठाण्यांत एकाच माणसाचे दोन कागद पडून होते आणि एकमेकांना जोडायला लागणारा शब्द मी गाळलेला होता.

खैरूनबींना सांगायला मीच गेलो. त्या दारात शेंगा निवडत होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी सूप बाजूला सरकवलं आणि विचारलं, “मिट्टी कुणी दिली?” आश्रमात उस्मानभाई हात बांधून नमाजाला उभे राहायचे, त्यावरून ते मुसलमान आहेत हे लोकांना कळलं होतं आणि तिथल्या मशिदीतल्या लोकांनी दफन रीतीनं केलं होतं. ते ऐकल्यावर त्यांनी हुंदका दिला. “मला तिथं न्या,” म्हणाल्या.

रजिया परभणीहून परस्पर येणार होती, पण तिची सासू दवाखान्यात होती. मग मी रजा टाकली आणि आम्ही दोघंच सकाळच्या एसटीनं निघालो. आधी कबर बघितली. मग ठाण्यात जाऊन ओळख पटल्याच्या कागदावर त्यांनी अंगठा दिला आणि सरकारी प्रकरण तिथं संपलं. दुपारी आश्रमात पोहोचलो. अंगणात सुमनताईंनी सतरंजी टाकली होती.

“ताई,” खैरूनबी म्हणाल्या, “कसे ऱ्हायले ते सांगा.”

सुमनताई म्हणाल्या, “आले तेव्हा पायात चप्पल नव्हती. पहिल्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळ्या खाटांवरच्या उशा दाबत फिरतायत.”

“अन्?”

“आणि सात उशा बाजूला काढल्या आणि माझ्याकडं सुई मागितली.”

“अन्?”

“आणि तीन दिवस अंगणात बसून सगळा कापूस मोकळा केला. आमचे बाकीचे म्हातारे त्यांच्या भोवती बसायचे. एक आजी कधी हसायच्या नाहीत, त्या यांची टुंग टुंग ऐकून हसायच्या.”

“अन् चाय?”

“बशीतला शेवटचा घोट ठेवायचे. आमच्याकडं मांजर नव्हतं. मग एक यायला लागलं.”

“अन्?”

मी कागद काढला होता आणि लिहीत होतो. त्या फुलस्केप कागदावर शेवटी मी जिथं थांबलो होतो, तिथून पुढं. दीड तास खैरूनबी ‘अन्’ म्हणत राहिल्या आणि सुमनताई सांगत राहिल्या. आठ महिन्यांचा संसार खैरूनबी एका बैठकीत मागून घेत होत्या. माझं बोट दुखायला लागलं तरी मी थांबलो नाही आणि एकदाही हात वर केला नाही.

शेवटी सुमनताई आत गेल्या आणि एक उशी घेऊन आल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी उस्मानभाईंनी ती उसवून पुन्हा भरली होती. खैरूनबींनी ती मांडीवर घेतली. दोन्ही हातांच्या बोटांनी चारी कोपरे दाबले, मधोमध दाबलं, उलटी करून पुन्हा दाबलं.

“एकबी गाठ न्हाई,” त्या म्हणाल्या आणि उशीत तोंड घालून रडल्या.

उशी त्यांनी मागितली नाही. सुमनताईंनीच पिशवीत घालून दिली. मी लिहिलेलं वाचून दाखवलं आणि सवयीनं खाली ती ठरलेली ओळही लिहिली, पण शाईचं पॅड काढलं नाही. तो कागद माझ्या कपाटात आहे आणि अंगठ्याची जागा रिकामी आहे.

परतीच्या एसटीत खिडकीकडं त्या बसल्या, मांडीवर उशी. नांदेड मागं पडेपर्यंत मी धीर गोळा करत होतो. मग म्हणालो, “चाची, तुम्ही बाजाराच्या दिवशी येऊन सांगत होता ते मी लिहीत नव्हतो. नुसता पेन फिरवत होतो. तेव्हाच लिहिलं असतं तर ते जिवंत भेटले असते.”

त्या बाहेर बघत होत्या. कापसाची एक गाडी शेजारून गेली.

“मला ठावं व्हतं, जमादारसाब.”

“काय?”

“पिंजाऱ्याच्या घरात चाळीस साल काढले म्या. कापसाला तात लागली का न्हाई लागली, ते पाठ फिरवून बसलं तरी कळतंय. तुमचा पेन वाजत नव्हता.”

“मग तरी काहून येत होता?”

“कुणाला सांगू? रजियाला फोनवर सांगितलं की ती रडती. गल्लीतले म्हनतेत, गेला असंल, सबर करा. तुमी लिवत नव्हते, पर ऐकून तर राहिले व्हते.” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “अन् लई दिवस झाले तरी तुमी लिवना म्हनून मंग म्या म्हनलं, वाचून दाखवा.”

“राग नाही आला?”

“आला की. आताबी हाय. जाईल तवा जाईल.”

हे त्या तोंडावर म्हणाल्या त्याचं मला बरं वाटलं. माफ केलं म्हणाल्या असत्या तर मला ते पेललं नसतं. वाटेतल्या एका फाट्यावर गाडी थांबली आणि सुटली. त्यांनी उशीवरून हात फिरवला.

“अन् एक,” त्या म्हणाल्या.

मी खिशातून पेन काढला.

“ठिवा त्यो,” त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “आता कुणाला हुडकायचं न्हाई. आता नुसतं ऐका.”

मी पेन खिशात ठेवला. हिंगोली यायला अजून तास-दीड तास होता, आणि त्या सांगत राहिल्या, आणि मी ऐकत राहिलो.